घेणारं कोण आहे?

निवांत बसता येईल तेव्हाच हे वाचायला घ्या. पाठ टेकवा, फोन दूर ठेवा. नुकतंच जेवण झालं असेल तर उत्तम, कारण आजचं मनन पोटाचं आहे. आपल्या नाही, गाईच्या. आणि त्यानंतर परदेशातल्या मांसाच्या एका पाकिटाचं. मांसाचं नाव काढलं की ज्यांना कसंसंच होतं त्यांनीही बसावं. खायचं काही नाही, फक्त पाहायचं आहे. मध्ये जिथे थांबायला सांगेन तिथे थांबा. दोन-चार श्वास जाऊ द्या, मगच पुढे या.

एक गाय डोळ्यांपुढे आणा. ओळखीची असली तर तीच. वैरण खाऊन झाली आहे, ती बसली आहे, जबडा आडवा फिरतो आहे. तिच्या गळ्याकडे पाहा. चावून झालेला घास खाली उतरतो, जरा वेळ काहीच होत नाही, मग खालून एक उंचवटा सरसर वर चढतो आणि जबडा पुन्हा फिरू लागतो. आता मनानेच हात तिच्या डाव्या भकाळीवर ठेवा, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात. तळवा सपाट असू द्या, दाबू नका. मिनिटाला एक-दोनदा तळव्याखाली काहीतरी मोठं, जड, सावकाश वर येईल आणि ओसरेल. गुरांचे डॉक्टर तब्येत पाहताना हेच मोजतात. कोटीपोट, म्हणजे गाईचं पहिलं पोट, ढवळलं जातंय.

अशा दोन लाटा येऊन जाऊ द्या.

हात तिथेच ठेवून आत चला. शंभर लिटरहून मोठी जागा. उजेड नाही. ऊब 39 अंश सेल्सिअसची, दिवसरात्र जवळपास तेवढीच. वरती वायूचा थर, त्याखाली भिजल्या वैरणीचा तरंगता थर, त्याखाली पाणी. घासाबरोबर थोडा ऑक्सिजन आत येतो, पण तो बघता बघता संपवला जातो. इथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो विषासारखा आहे. या पाण्याच्या एका मिलिलिटरात, म्हणजे वीसेक थेंबांत, हजार कोटींहून जास्त जीवाणू असतात. त्यांच्यात पोहणारे, त्यांनाच गिळणारे आदिजीव लाखांनी. शिवाय आर्किया, जे दिसायला जीवाणूंसारखे पण वंशाने फार दूरचे. आणि बुरशीसुद्धा. बुरशी ऑक्सिजनवाचून जगत नाही असं मानलं जाई, त्यामुळे तिची पोहणारी बीजं कितीतरी वर्षं आदिजीव म्हणून मोजली गेली. ती बुरशीची आहेत हे कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं.

एवढ्या गर्दीत आपण एकच काडी निवडू. ज्वारीच्या कडब्याची, बोटाच्या पेराएवढी.

काडीचा टणकपणा सेल्युलोजचा आहे. ते तोडणारं विकर गाईला स्वतःला बनवता येत नाही, आपल्यालाही येत नाही. रवंथ करून ती काडी चेचते, एवढंच तिच्या हातात. पुढचं काम दुसऱ्यांचं. काडीच्या चिरफळलेल्या कडेला फायब्रोबॅक्टर सक्सिनोजिनीस नावाचा जीवाणू येऊन चिकटतो, तंतूला अगदी लगटून, आणि तिथेच तो तंतू तोडू लागतो. सेल्युलोजची साखर होते. ही साखर गाईच्या वाट्याला येतच नाही. तोडणारा काही खातो, बाकीची आजूबाजूचे पळवतात. खाऊन झाल्यावर त्यांच्यातून जे बाहेर पडतं ते म्हणजे ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं. त्यांच्या दृष्टीने हा टाकाऊ माल. गाय तो कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात ओढून घेते. तिला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास 70 टक्के या आम्लांतून येते.

इथे थांबा. गाय गवत खाते हे वाक्य मनात एकदा म्हणा. मग ही काडी आठवून पुन्हा म्हणा.

गाय एवढ्यावर थांबत नाही. कोटीपोटातलं पाणी पुढे सरकतं, जाळीपोट, पडदेपोट ओलांडून चौथ्या, आम्लाच्या पोटात पोहोचतं आणि तिथे ती जीवाणूंनाच पचवते. तिची बरीचशी प्रथिनं अशी मिळतात. जीवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंतही असतं. गाईने ते पोटातल्या आम्लात टिकेल असं घडवलं आहे. 1987 मध्ये याच विकराची रचना तपासताना एक गंमत कळली. देवळांच्या आवारात दिसणारी आपली काळ्या तोंडाची वानरं, हनुमान लंगूर, तीही पानं अशीच आंबवून पचवतात. आणि गाईशी जवळचं काही नातं नसताना त्यांच्या लायसोझाइममध्येही तसेच बदल झालेले आहेत.

आता त्या गर्दीतली सगळ्यात हलकी गोष्ट शोधू. साखर मोडताना आम्लांखेरीज हायड्रोजनही सुटतो. तो साचू लागला की साखर मोडणाऱ्यांचंच काम अडतं. टाकायला जागा नाही म्हटल्यावर कारखाना मंदावतो. पण कोटीपोटात तो साचत नाही, कारण तो घ्यायला काही जण टपलेलेच असतात. त्यातले मुख्य आर्किया. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेऊन ते मिथेनचा एक रेणू आणि पाणी बनवतात.

हे बोटांवर मोजून पाहा. वायूचे चार आणि एक, पाच आत गेले. वायूचा एक बाहेर आला. बाकीचं पाणी झालं.

तो एक गाय ढेकरेवाटे सोडते. अशा ढेकरांतून मोठं जनावर दिवसाला 250 ते 500 लिटर मिथेन हवेत टाकतं. खाल्लेल्या ऊर्जेचा काही भाग त्याबरोबर वाया जातो, आणि मिथेन हवा तापवणारा वायू असल्यामुळे गाईची ढेकर आता जगाच्या हिशेबात आली आहे. न्यूझीलंडच्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ निम्मे शेती आणि पशुपालनातून येतात. म्हणूनच या पोटाचं वाचन तिथे इतक्या मनावर घेतलं गेलं.

वाचन म्हणजे काय, तेही सावकाश पाहू.

आधी जीव हाती यायला हवा. रॉबर्ट हंगेट या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने त्यासाठी युक्ती काढली. काचेच्या नळीत पातळ केलेलं पोषक अगार, वर ऑक्सिजन नसलेला वायू, आणि घट्ट बूच. नळी आडवी धरून गार करताना फिरवायची, म्हणजे अगारचा पातळ पापुद्रा आतून चहूकडे बसतो आणि त्यावर एकेक वसाहत वेगळी उगवते. अशा माध्यमात रेझाझुरिन नावाचा रंग घालतात. ऑक्सिजन नसेल तोवर माध्यमाला रंग नसतो. बूच लावण्यात जराशी कसूर झाली, हवेचा कण आत शिरला, की ते गुलाबी होतं. त्या फिकट गुलाबी छटेकडे क्षणभर पाहा. आपण ज्याच्यावर जगतो ते आत आल्याची ती खूण आहे, आणि नळीतल्या जिवांसाठी ती वाईट बातमी आहे.

जीव वाढला की त्याच्या पेशी फोडून डीएनए काढतात, त्याचे तुकडे करतात आणि यंत्र प्रत्येक तुकड्यातली अक्षरं वाचतं. मग जुळणी. एकाच पोथीच्या शेकडो प्रती फाडून चिंध्या एकत्र केल्या, आणि एका चिंधीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळतो का हे बघत पोथी पुन्हा लावली, तसं हे काम संगणक करतो. जीवाणूची पोथी, म्हणजे त्याचा जीनोम, साधारण 20 ते 50 लाख अक्षरांची असते. न्यूझीलंडच्या ॲगरिसर्च या सरकारी संशोधन संस्थेने 2010 मध्ये मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर रुमिनॅन्शियम या कोटीपोटातल्या मिथेनकाराचा जीनोम पुरा वाचून प्रसिद्ध केला. त्या जीनोमच्या पोटात एक विषाणू दडलेला निघाला, आणि त्या विषाणूपाशी मिथेनकाराचीच भिंत फोडणाऱ्या विकराचं जनुक होतं.

2018 मध्ये हंगेट यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने कोटीपोटातल्या 501 सूक्ष्मजीवांच्या जीनोमांचा संग्रह मांडला: 480 जीवाणू, 21 आर्किया. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या 283 गुरांच्या पोटातलं पाणी, जीव वेगळे न करताच, सरसकट वाचून 4,941 जीनोम जुळवले गेले. आणि त्याआधी, 2015 मध्ये, 35 देशांतल्या 32 जातींच्या प्राण्यांचे 742 नमुने तपासून झाले होते. चारा वेगळा, हवामान वेगळं, जनावर वेगळं, तरी मुख्य जीवाणूंचे गट बहुतेक ठिकाणी तेच सापडले. मिथेनकार तर फारच सारखे. मघाशी कोणतीही गाय डोळ्यांपुढे आणायला सांगितलं ते याच्याच भरवशावर.

जीनोम वाचून काय कळतं? जीवाला काय काय करता येईल, ते. तो काय करतो आहे, हे त्यातून थेट कळत नाही. हा फरक नीट बसावा म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. रुमिनोकोकस अल्बस हाही तंतू तोडणारा जीवाणू. एकटा वाढवला तर तो ॲसिटिक आम्ल, अल्कोहोल आणि हायड्रोजन सोडतो. 1973 मध्ये काही अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याच्या सोबतीला हायड्रोजन खाणारा एक जीवाणू सोडला. अल्कोहोल बंद झालं. ॲसिटिक आम्ल वाढलं. 2019 मध्ये तीच जोडी पुन्हा तपासली गेली, तेव्हा सोबत मिळाल्यावर रुमिनोकोकस कोणती जनुकं चालू करतो आणि कोणती मंद करतो हेही दिसलं. पोथीतलं एक अक्षर बदललं नव्हतं. शेजारी कोणी घेणारा आला होता.

थांबा. हायड्रोजन घेणारा आला, एवढंच मनात ठेवा. आता गाईपासून दूर जायचंय.

न्यूझीलंडचं मांस पूर्वीपासून समुद्रावरून विलायतेला जातं. 1882 च्या फेब्रुवारीत ‘ड्युनेडिन’ हे शिडाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन पोर्ट चाल्मर्सहून निघालं आणि मे महिन्यात लंडनला पोहोचलं. आता मांस न गोठवताही पाठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, हवा शोषून घ्यायची, तोंड बंद करायचं आणि उणे 1.5 अंशावर ठेवायचं, बर्फ होण्याच्या अगदी अलीकडे. हवा नाही म्हणून हवेवर वाढणारे जीवाणू अडतात, थंडीमुळे बाकीचे. मांस आठवडेच्या आठवडे ताजं राहतं.

असं एक पाकीट समोर धरा. प्लास्टिक मांसाला घट्ट चिकटलेलं, प्रत्येक कंगोरा दिसतोय. त्याच्या शेजारी दुसरं ठेवा, त्याच खाटीकखान्यातलं, त्याच आठवड्यातलं. हे उशीसारखं टम्म. कुठेही छिद्र नाही, थंडीत खंड पडलेला नाही, सगळं नियमाप्रमाणे. तरी आतून वायू भरलाय. फोडलं तर खवट लोण्याचा भपका येतो.

हे काम बहुधा क्लॉस्ट्रिडियम इस्टरथेटिकम नावाच्या जीवाणूचं किंवा त्याच्या भाऊबंदांचं. 1992 मध्ये त्याला हे नाव मिळालं. त्याला ऑक्सिजन नको आणि थंडी हवी. आपल्या अंगाच्या उबेत तो वाढतच नाही, त्यामुळे ऊबदार पेटीत नमुने वाढवणाऱ्या प्रयोगशाळेला तो सापडणं अवघड. तो बीजाणूच्या रूपात मातीत, शेणात आणि जनावराच्या कातड्यावर पडून असतो. कातडं सोलताना एखादा बीजाणू मांसाला लागतो, पिशवीचं तोंड बंद होतं, आणि माणसाने टिकवण्यासाठी केलेली व्यवस्था त्याच्या अगदी पथ्यावर पडते. विषबाधेसाठी तो ओळखला जात नाही. पण मांस फेकावं लागतं. ॲगरिसर्चमध्ये कोटीपोटातल्या जीवाणूंबरोबर या थंडीतल्या क्लॉस्ट्रिडियमचेही जीनोम वाचले गेले.

आता दोन्ही डोळ्यांपुढे ठेवा. एका बाजूला तळव्याखालची भकाळी, दुसऱ्या बाजूला टम्म पाकीट. घाई करू नका.

पाकिटात काय चाललंय? मांसातली थोडी साखर मोडली जातेय. ब्युटिरिक आम्ल होतंय, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतोय. कोटीपोटात काय चाललं होतं? साखर मोडली जात होती. ब्युटिरिक आम्ल, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड. कोटीपोटात ते आम्ल भिंत ओढून घेते, त्यावर स्वतः पोसली जाते, आणि त्यातलं काही पुढे दुधाच्या स्निग्धांशात जातं. घरच्या तुपातही ब्युटिरिक आम्ल बांधलेल्या रूपात असतंच. पाकिटात त्या आम्लाला घेणारी भिंत नाही, म्हणून त्याचा वास होतो. कोटीपोटात हायड्रोजन मिथेनकार घेतो आणि उरलेल्याची ढेकर होते. पाकिटात मिथेनकार नाही. कोटीपोटातला आणून सोडला तरी त्या गारठ्यात त्याचं काही चालणार नाही. पाच जाऊन एक उरणं तिथे होत नाही. पाच पाचच राहतात, आणि पिशवी फुगते.

एकाला आपण पचन म्हणतो, दुसऱ्याला नासणं.

इथे सोपी शिकवण काढायचा मोह होतो, तो जरा आवरू. घेणारा असता तर मांस टिकलं असतं, असं नाही. वायू कमी झाला असता, मांस मोडलं गेलंच असतं. कोटीपोटातली काडीही मोडतेच. तिथे ती मोडावी अशी गाईची गरज आहे, एवढंच. आणि घेणारे हजर असले म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. कोवळी लसूणघास पोटभर खाल्लेल्या गाईला पोटफुगी होते, तेव्हा कोटीपोटात सगळे जागेवर असतात. वायू मात्र फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी भकाळी ढोलासारखी ताणते आणि काही तासांत जनावर दगावू शकतं. म्हणून घरोघरचे जाणते फेस मोडायला गोडं तेल पाजतात. घेणारा लागतो, तशी बाहेरची वाटही लागते.

मिथेनकाराकडेही असंच पाहा. ढेकरेत तो जगाचा गुन्हेगार आहे. त्याच्यासारख्यांनाच आपण परसातल्या गोबरगॅसच्या टाकीत शेणकाला घालून जोपासतो, आणि त्यांनी केलेल्या मिथेनवर चहा उकळतो. तिथे गॅस कमी यायला लागला की घरचे कुरकुरतात. टाकीच्या तोंडाशी नळी आहे आणि नळीच्या टोकाला शेगडी. गाईच्या तोंडाशी तशी सोय नाही. तिच्या पोटातच मिथेन कमी करण्यासाठी आता खाद्यातून औषधं देतात, ती मिथेनकाराचं शेवटचं विकर अडवतात. त्यांनी मिथेन घटतो; आणि गाईच्या श्वासात हायड्रोजन वाढलेला मोजला जातो. एक घेणारा थोपवला की सुटलेलं कोणाकडे जाईल याचा विचार पुन्हा करावाच लागतो.

आता डोळे उघडा, मिटले असतील तर. आठवडाभर करून पाहण्यासारखा एक अभ्यास देतो. घरात काही आंबलं, नासलं, फुगलं की त्याच्यापाशी मिनिटभर उभे राहा. टाकायचं ते टाकाच, फुगलेल्या डब्याची चव बघू नका. पण टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. इथे कोण काम करत होतं? त्याच्यातून काय बाहेर पडत होतं? आणि ते घ्यायला कोण होतं? इडलीचं पीठ फुगलं की आपण खूश होतो. ते फुगवणाऱ्यांत ल्युकोनोस्टॉक गटातले जीवाणू असतात, आणि त्याच गटातले काही जण मांसाची पाकिटंही बिघडवतात. पिठात त्यांचा वायू घेणारं कोण, ते सांगायला नको: सकाळी आपणच ताट घेऊन बसलेलो असतो.

पहिल्या दोन प्रश्नांची बरीच उत्तरं आता जीनोममध्ये वाचता येतात. तिसऱ्यासाठी मात्र जिथे ते घडतंय तिथे जाऊनच पाहावं लागतं.